निवृत्तीनंतरची नोंदवही : पाहिलेले, खटकलेले आणि वाचलेले कसे टिपून ठेवावे

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे आवक-जावक विभागात गेली. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, तारखेचा शिक्का मारायचा, तो कोणाकडून आला आणि कोणत्या टेबलावर गेला हे एका ओळीत लिहायचे, आणि उत्तर रवाना झाले की त्याच ओळीच्या शेवटी जावक क्रमांक भरून ती ओळ बंद करायची, असे ते काम होते. निवृत्त होऊन मुलुंडच्या घरी राहू लागलो तेव्हा काही महिन्यांतच एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी उद्यानातल्या बाकावर आम्ही समवयस्क जे बोलतो ते फिरून फिरून तीन विषयांवर येते : खिडकीतून किंवा गल्लीत दिसलेले पशुपक्षी, दुकानदाराने किंवा कंपनीने दिलेला मनस्ताप, आणि त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी. या बोलण्यात अनुभव असतो, कळकळ असते, पण तारीख नसते. त्यामुळे तीच तक्रार आठ महिने बोलली जाते आणि कोठेही पोहोचत नाही. म्हणून मी घरी पुन्हा आवक-जावक सुरू केले. आता सातवे वर्ष चालू आहे, आणि ज्यांना अशी वही ठेवायची आहे त्यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

वही शिवलेली, आखीव आणि निदान दोनशे पानांची घ्यावी. तारेच्या वहीतली पाने निघून येतात, आणि पान निघालेली वही पुढे कोणाला दाखवायची वेळ आली तर तिच्यावर विश्वास बसत नाही. साधे बॉलपेन वापरावे, कारण मुंबईच्या पावसाळ्यात कागद दमट होतो आणि जेल पेनची शाई पसरते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सर्व नोंदींना एकच चढता क्रमांक द्यावा. पक्षी, खरेदी आणि बातम्या यांच्या तीन निरनिराळ्या वह्या करण्याचा मोह होतो, तो टाळावा. मी पहिल्या वर्षी तसे केले होते आणि कबुतरांची नोंद नेमकी कोणत्या वहीत लिहावी हेच मला कळेना, कारण तो विषय पक्ष्यांचा होता, वैद्यकाचा होता आणि बातम्यांचाही होता.

या पद्धतीचा गाभा असा की नोंद फक्त डाव्या पानावर करावी आणि उजवे पान कोरे ठेवावे. डावे पान म्हणजे आवक : काय घडले, कधी, कोठे, कोण काय म्हणाले. उजवे पान म्हणजे जावक : त्याचे पुढे काय झाले. उजवे पान आज भरेल, सहा महिन्यांनी भरेल किंवा कधीच भरणार नाही. पण ते समोर कोरे दिसत राहते म्हणून विषय विसरला जात नाही. दुसरा नियम असा की घडलेली गोष्ट पेनने लिहावी आणि आपले मत पेन्सिलीने लिहावे. ‘दुकानदाराने पाच रुपये जास्त घेतले’ ही घटना आहे. ‘सगळे दुकानदार असेच असतात’ हे मत आहे. पेन्सिलीतली कितीतरी वाक्ये मी नंतर खोडली आहेत, पेनमधले वाक्य मात्र सहसा खोडावे लागत नाही.

खिडकीतले आणि गल्लीतले

सुरुवात पशुपक्ष्यांपासून करावी, कारण त्यात राग नसतो आणि नजर तयार होते. ‘आज एक सुंदर पक्षी दिसला’ असे लिहून काही साधत नाही. वेळ, जागा, संख्या आणि तो काय करत होता, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. उदाहरणार्थ : ‘सकाळी ६.५०, मागच्या उंबरावर तांबट, दोन, फळे खात होते, मध्ये मध्ये टुक्‌-टुक्‌ आवाज.’ अशा ओळी वर्षभर लिहिल्या की आपल्या इमारतीच्या मागे कोणते झाड कोणत्या महिन्यात कोणाचे असते ते दिसू लागते. आमच्याकडे उंबर पिकला की तांबट, बुलबुल आणि कधीकधी राखी धनेश येतात. पांगारा फुलला की साळुंक्या आणि शिंजीर येतात. इतकी वर्षे याच घरात राहूनही मला हे ठाऊक नव्हते.

कोकिळेचे उदाहरण घ्या. आपण सहज ‘कोकिळा गाते’ म्हणतो. पण कुहूऽ कुहूऽ करणारा तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर असतो. मादी तपकिरी आणि ठिपकेदार असते आणि तिचा आवाज वेगळा, तुटक असतो. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. एप्रिलपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कावळ्यांची घरटी आणि कोकिळांचा कल्ला यांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या तर हा संबंध पुस्तक न उघडता आपल्याच वहीत सापडतो. याच दिवसांत कावळे वाटसरूंच्या डोक्यावर झेप घेतात. बहुधा जवळच घरटे असते किंवा नुकतेच उडू लागलेले पिल्लू खाली उतरलेले असते. अशा वेळी पिल्लाला उचलू नये, आठवडाभर दुसऱ्या बाजूने जावे आणि इमारतीच्या फळ्यावर तशी सूचना लिहावी. आमच्या इमारतीत दर मे महिन्यात ही सूचना आता माझ्या वहीवरून तारीख पाहून लावली जाते.

नोंदी नियमित होऊ लागल्या की त्या ईबर्ड या ॲपवर भरता येतात. तेथे तारीख, जागा, वेळ आणि संख्या याच गोष्टी विचारतात, त्यामुळे वहीवरून उतरवून घेणे सोपे जाते. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आपल्याच शहरात आहे, आणि डॉ. सालिम अली यांच्यासारखा माणूस तिच्या परंपरेत घडला. त्यांनी किहीमला सुगरणीच्या घरट्यांवर जे काम केले ते एका जागी बसून, रोज पाहून आणि रोज लिहून केलेले काम होते. ज्यांना चालणे शक्य आहे त्यांनी हिवाळ्यात ऐरोली किंवा शिवडीला जाऊन रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहावेत. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित मरण पावले. त्या दिवसाची नोंद मी केली आहे आणि तिचे उजवे पान अजून कोरे आहे.

कबुतरांविषयी मला अधिक लिहिले पाहिजे. माझ्या आईची श्रद्धा होती म्हणून आमच्या खिडकीत कित्येक वर्षे ज्वारीचे दाणे पडत असत, आणि आई गेल्यावर मी तो नेम चालू ठेवला होता. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेली तर काही लोकांच्या फुफ्फुसांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा विकार होतो आणि तो वाढला तर फुफ्फुसे कायमची कडक होतात, हे मला शेजारच्या एका बाईंच्या आजारपणात समजले. मी दाणे टाकणे थांबवले. थांबवण्यापूर्वी पंधरा दिवस आणि नंतर दोन महिने मी रोज सकाळी सात वाजता कठड्यावरची कबुतरे मोजून लिहिली. पहिल्या आठवड्यात ती तितकीच आली, मग कमी होत गेली, आणि महिनाभरात बावीसची पाच झाली. पक्षी उपाशी मरत नाहीत, ते दुसरीकडे अन्न शोधतात, हे मला माझ्याच आकड्यांनी सांगितले आणि मनावरचे ओझे उतरले. ज्यांना सज्जा साफ करायचा आहे त्यांनी सुकलेली विष्ठा खरवडू किंवा झाडू नये. मुखपट्टी बांधावी, विष्ठा आधी पाण्याने पूर्ण भिजवावी म्हणजे धूळ उडत नाही, आणि मग पुसून काढावी.

गल्लीतल्या कुत्र्यांची नोंद वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडते. आपल्या गल्लीत कायम राहणारी कुत्री किती, प्रत्येकाचा रंग काय, कोणाच्या कानाला खाच आहे, लस कोणत्या महिन्यात दिली गेली, असा एक तक्ता करावा. कानाची खाच म्हणजे निर्बीजीकरण झाल्याची खूण. ज्याला खाच नाही असे नवे कुत्रे दिसले की महानगरपालिकेला त्याच आठवड्यात कळवता येते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्र्यांना खायला घालण्याची जागा ठरवण्यात रहिवासी संघटनेने पुढाकार घ्यायचा असतो, आणि ती जागा जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी लागते. आमच्या सभेत प्राणिप्रेमी आणि त्रासलेले रहिवासी यांच्यात कडाक्याचे वाद होत असत. तक्ता समोर आल्यावर वाद एका खाच नसलेल्या कुत्रीपुरता उरला आणि पुढच्या महिन्यात तिचे निर्बीजीकरण झाले. कुत्रे चावले तर मात्र आधी वही शोधू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी आणि मग पुढील मात्रांच्या तारखा वहीत लिहाव्यात. या लशीची एकही तारीख चुकवण्यासारखी नसते.

साप किंवा वन्य प्राणी दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी बिबट्याच्या अफवा आणि बिबट्याचे दर्शन यांत फरक करावा, स्वतः पाहिले असेल तरच पेनने लिहावे, आणि उघड्यावरच्या कचऱ्याची नोंदही शेजारीच करावी, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. संक्रांतीच्या सुमारास मांजात अडकून जखमी झालेली घार किंवा पोपट सापडला तर झाकण असलेल्या, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात न्यावा, ज्याला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये.

बाजारातले

येथे वहीची खरी कसोटी लागते, म्हणून हा भाग विस्ताराने लिहितो.

कोणतीही टिकाऊ वस्तू घरात आली की त्याच दिवशी तिची नोंद करावी : वस्तू, मॉडेल, अनुक्रमांक, दुकान, बिलाचा क्रमांक, किंमत, आणि हमीची मुदत कोणत्या भागासाठी किती. बिल त्याच पानाला टाचावे, पण त्याआधी त्याची झेरॉक्स काढावी. हल्ली दुकानात मिळणारी गुळगुळीत कागदाची बिले वर्ष-दीड वर्षात कोरी पडतात आणि नेमकी हमीच्या वेळी वाचता येत नाहीत. माझ्या शेजाऱ्यांनी मिक्सरचे बिल देवघरातल्या डब्यात जपून ठेवले होते. दोन वर्षांनी उघडले तर तो नुसता पांढरा कागद होता.

आमच्या फ्रिजची गोष्ट सांगतो. दुसऱ्या उन्हाळ्यात थंड होणे बंद झाले. कंपनीच्या दूरध्वनीवर तक्रार दिली, तंत्रज्ञ आला, गॅस भरला आणि पैसे घेऊन गेला. नऊ दिवसांनी पुन्हा तेच झाले. दुसरा तंत्रज्ञ आला, त्याने कॉम्प्रेसर गेल्याचे सांगितले आणि काम झाल्याचा ओटीपी मागितला. सौभाग्यवतींनी विश्वासाने दिला. त्यानंतर कंपनीच्या संगणकावर आमची तक्रार ‘निकाली’ झाली, आणि फोन केला की प्रत्येक वेळी नवीन माणूस नवीन तक्रार क्रमांक देई. कॉम्प्रेसरची हमी दहा वर्षांची होती. कंपनीच्या नोंदीप्रमाणे एकच भेट झाली आहे, असे मला सांगण्यात आले. माझ्या वहीत तीन भेटी, सात फोन, प्रत्येकाची तारीख, वेळ, बोलणाऱ्याने सांगितलेले नाव, तक्रार क्रमांक आणि त्याचे शब्द होते. मी रागाचा एकही शब्द न घालता, तारखांचा तक्ता करून, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिले आणि त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. अकराव्या दिवशी कॉम्प्रेसर बदलून मिळाला आणि गॅसचे पैसे परत आले.

या अनुभवातून काही नियम ठरले आहेत. काम पूर्ण होऊन आपल्यासमोर वस्तू चालू झाल्याशिवाय काम झाल्याचा ओटीपी देऊ नये. फोनवर बोलताना समोरच्याचे नाव सुरुवातीलाच विचारावे आणि ‘मी लिहून घेत आहे, जरा सावकाश सांगा’ असे नम्रपणे म्हणावे. या एका वाक्याने संभाषणाचा सूर बदलतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे. समोरची मुलगी किंवा मुलगा नोकरी करत असतो आणि आपल्या नातवंडांपेक्षा फार मोठा नसतो, त्यामुळे त्यांच्यावर ओरडू नये. शेवटी ‘म्हणजे अमुक तारखेपर्यंत अमुक होईल, बरोबर?’ असे विचारून होकार घ्यावा आणि तो होकार त्याच शब्दांत लिहावा.

पत्र लिहिताना एका पत्रात एकच तक्रार असावी. काय घेतले, काय बिघडले, कोणत्या तारखांना काय झाले, आपल्याला नेमके काय हवे आणि किती दिवसांत हवे, या क्रमाने लिहावे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे कार्यालयीन वाक्य मी स्वतः हजारो पत्रांत वाचले आहे आणि त्यावर कोणीही काहीही करत नाही. ‘कॉम्प्रेसर बदलून द्यावा आणि गॅसभरणीचे पैसे परत करावेत’ असे लिहिले तर समोरच्याला उत्तर द्यावेच लागते. रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, म्हणून पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे, पावतीवरचा क्रमांक उजव्या पानावर लिहावा आणि पत्र पोहोचल्याचे पान संकेतस्थळावरून छापून ठेवावे. ऑनलाइन खरेदीच्या बाबतीत २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार निवारण अधिकाऱ्यावर ४८ तासांत पोच देण्याचे आणि एका महिन्यात तक्रार सोडवण्याचे बंधन घातले आहे. हे दोन्ही दिवस मोजून वहीत आधीच लिहून ठेवावेत.

एवढे करूनही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, मग कंपनीचे कार्यालय कोठेही असो. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज भरता येतो. फक्त तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून प्रत्येक मोठ्या तक्रारीच्या डाव्या पानावर, कोपऱ्यात, दोन वर्षांनंतरची तारीख चौकट करून लिहावी. अर्जाचा मसुदा कसा करावा हे समजून घ्यायचे असेल तर मुंबई ग्राहक पंचायत आहे. १९७५ पासून ही संस्था मुंबईकर ग्राहकांच्या पाठीशी उभी आहे आणि तिच्या कार्यकर्त्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

रोजच्या लहान खरेदीची नोंद निराळी ठेवावी. किंमत लिहून भागत नाही, वजनही लिहावे. दहा रुपयांचे पाकीट दहा रुपयांनाच मिळते, पण आतला माल हळूहळू कमी होतो. २०२२ पासून पाकिटावर ग्रॅम किंवा मिलिलिटरमागे किती दर पडतो तेही छापणे बंधनकारक झाले आहे. अक्षर बारीक असते, भिंग लागते, पण तोच आकडा वहीत उतरवावा. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे दुकानात ‘थंड करण्याचे’ म्हणून बाटलीमागे वेगळे पैसे मागितले तर ते देऊ नयेत आणि वैधमापन विभागाकडे तक्रार करावी. बसून खाण्याच्या हॉटेलांची गोष्ट वेगळी आहे. तेथे सेवेचाही भाग असल्याने छापील किमतीचा नियम तसाच लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिलेला आहे. बिलात परस्पर लावलेला सेवा आकार मात्र देणे सक्तीचे नाही. बिल देताना दुकानात मोबाइल क्रमांक विचारतात, तोही देण्याची सक्ती नाही. ‘क्रमांक न देता बिल करा’ असे शांतपणे सांगितले की बिल होते.

पैशांच्या फसवणुकीसाठी वहीच्या मुखपृष्ठाच्या आत तीन ओळी ठळक लिहाव्यात : सायबर फसवणुकीसाठी १९३०, आपल्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, आणि घरातल्या एका तरुण माणसाचा क्रमांक. आपल्या चुकीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर ग्राहकावर भार पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात सांगितले. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही, म्हणून पोलिसी गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर दिसला तरी फोन बंद करावा. माझ्या ओळखीतले एक वयोवृद्ध गृहस्थ असे दोन दिवस घरात कोंडून बसले होते आणि त्यांनी मुलालाही सांगितले नाही. बँकेनेच तक्रार ऐकली नाही, तर तिला लेखी दिल्यापासून तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्या तीस दिवसांची मोजणीही वहीवरच होते.

पेपरातले

बातमी वहीत उतरवताना पहिला प्रश्न हा विचारावा की झाले आहे की होणार आहे. ‘विचाराधीन’, ‘प्रस्तावित’, ‘निर्देश दिले’, ‘आदेश काढला’, ‘अधिसूचना निघाली’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण सरकारी कामकाजात प्रत्येकाचे वजन निराळे असते. आवक-जावकमध्ये बसल्याने मला ते फार लवकर शिकावे लागले. म्हणून बातमीच्या नोंदीत मथळा लिहू नये. कोणी सांगितले, त्याने नेमका कोणता शब्द वापरला आणि ते कोणत्या तारखेपासून लागू होणार, एवढेच लिहावे. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असलेली बातमी पेन्सिलीने लिहावी.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये याचे चांगले उदाहरण मिळाले. दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने त्यात बदल केला आणि निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री पुन्हा त्याच भागात सोडावीत, मात्र रेबीजची लक्षणे असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांसाठी वेगळा आदेश आला, आणि तेथून उचललेली कुत्री त्याच जागी परत सोडायची नाहीत असे ठरले. आमच्या इमारतीच्या समूहात डिसेंबरमध्येही ११ ऑगस्टचाच आदेश ‘आजची मोठी बातमी’ म्हणून फिरत होता आणि त्यावर दोन कुटुंबांत बोलणे बंद होण्याची वेळ आली होती. माझ्या वहीत तिन्ही तारखा एकाखाली एक होत्या. मी ते पान छायाचित्र काढून समूहावर टाकले, सोबत एकही शब्द लिहिला नाही.

कबुतरखान्यांच्या बाबतीतही असेच करावे लागले. त्याच वर्षी जुलैपासून कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय, उच्च न्यायालयातली सुनावणी, दादरच्या कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री, ती फाडण्याची घटना आणि पुढची आंदोलने, हे सगळे इतक्या वेगाने घडले की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा क्रम तयार झाला. डाव्या पानावर तारखा लिहिल्याने मला श्रद्धा असलेल्या शेजाऱ्यांशी आणि दमा असलेल्या शेजाऱ्यांशी, दोघांशीही, आवाज न चढवता बोलता आले. मला दोघांचेही दुःख खरे वाटते, कारण एकेकाळी दाणे टाकणारा मीच होतो.

काही बातम्या थेट घरखर्चाला भिडतात, त्यांची नोंद बाजाराच्या नोंदीशी जोडावी. वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांसारख्या वस्तूंवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा यांच्या हप्त्यावरचा कर शून्य झाला. माझ्या वहीत त्या आधीच्या आठवड्याचे दर होते, म्हणून कोणत्या दुकानात कपात पोहोचली आणि कोणत्या दुकानात जुनाच माल जुन्याच भावाने दिला जात होता, ते पाच मिनिटांत दिसले. त्याच वर्षी जानेवारीत विमा नियामकाने साठ वर्षांवरील विमाधारकांचा आरोग्य विम्याचा हप्ता, नियामकाशी सल्लामसलत केल्याशिवाय, वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये असे विमा कंपन्यांना सांगितले. ही ओळ ज्यांनी लिहून ठेवली असेल त्यांनी नूतनीकरणाची सूचना आल्यावर मागच्या वर्षीचा हप्ता काढून गुणाकार करून पाहावा. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने असा हिशेब करून कंपनीला पत्र लिहिले आणि त्याला सुधारित सूचना मिळाली.

उजवी पाने

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी वही मागून पुढे चाळतो आणि कोरी राहिलेली उजवी पाने पाहतो. प्रत्येक कोऱ्या पानापुढे तीनच पर्याय असतात : स्मरणपत्र पाठवायचे, वरच्या पायरीवर जायचे, किंवा ‘सोडून दिले’ असे तारखेसह लिहून ओळ बंद करायची. तिसरा पर्याय लाजिरवाणा मानू नये. साठ रुपयांच्या तक्रारीसाठी तीन आठवडे तब्येतीला त्रास करून घेण्यापेक्षा ती बंद केलेली बरी, आणि बंद केली असे लिहिल्याने ती रात्री आठवत नाही. स्मरणपत्रात मूळ पत्राची तारीख आणि स्पीड पोस्टाचा क्रमांक पहिल्याच ओळीत द्यावा. महानगरपालिकेच्या १९१६ या क्रमांकावर केलेल्या तक्रारींचे क्रमांकही येथेच उतरवावेत. सरकारी कार्यालयातून काहीच हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून ‘माझ्या अमुक तारखेच्या पत्रावर कोणती कार्यवाही झाली’ एवढाच प्रश्न विचारावा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक असते.

शेवटची चार पाने सूचीसाठी राखावीत : विषय आणि नोंद क्रमांक. वही कोठे ठेवली आहे हे घरातल्या एका माणसाला माहीत असावे. पिन किंवा पासवर्ड तिच्यात कधीही लिहू नयेत.

वही संपली की दुकानदार जसा खतावणीत ‘मागील पानावरून पुढे’ लिहितो, तशी सर्व न मिटलेली प्रकरणे जुन्या क्रमांकासह नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवावीत. या वर्षी माझ्या नव्या वहीत पाच नोंदी अशा पुढे आल्या आहेत : पाण्याच्या टाकीच्या झाकणाबाबत महानगरपालिकेला दिलेले पत्र, छत्रीच्या कापडाची तक्रार, खाच नसलेला एक पांढरा कुत्रा जो दिवाळीनंतर दिसलेला नाही, घाटकोपरचे रोहित, आणि समोरच्या सोनमोहराच्या फांदीवर तारांनी बांधलेले कावळ्याचे एक जुने घरटे, जे पावसात टिकते का ते मला पाहायचे आहे.